आकाशाचा रकाना

मामाचं घर, ३ एप्रिल
आकाश: आठातले दोन. वारा: गच्चीवरच्या चादरी हलतील इतपत.

तीर्थरूप बाबांना नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण मामीच्या शिवणाच्या खोलीत मी आडवी झाले तर मशीन बाहेर काढावं लागेल. तेव्हा उभ्याउभ्याच गोड मानून घ्या.

परीक्षा संपली. शेवटच्या पेपरात 'हवामान केंद्र' यावर टीप लिहा असं आलं होतं. मला हसूच आलं. वर्गावरच्या बाई जवळ येऊन म्हणाल्या, "काय झालं गं?" त्यांना काय सांगणार, की बाई, मी हवामान केंद्रातच रांगायला शिकले! पुरवण्या घेत सुटले. डोंगरमाथ्यावरचं आपलं घर, कुंपणातली पांढरी पेटी, तिच्यातले थर्मामीटर, पर्जन्यमापक, वाऱ्याचा बाण, काही म्हणून सोडलं नाही. आईची कपडे वाळत घालायची दोरी तेवढी राहिली. रोजच्या तक्त्यातला आकाशाचा रकाना मात्र नीट समजावून सांगितला. सगळ्या आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी झाकलेत ते मांडायचं. लहानपणी तो रकाना तुम्ही मला भरायला द्यायचात. एकदा मी त्यात 'छान' असं लिहिलं, तर केवढं बोलला होतात. "ढगे, आकाश छान नसतं आणि वाईटही नसतं. आठातले किती ते सांग." मग मी रडत रडत 'तीन' लिहिलं होतं. टिपेत ही हकिकत लिहिली नाही, गुण कापले असते.

आता मुद्द्याचं. पुढच्या शाखेचा अर्ज भरायची वेळ आलीय. मामाचं म्हणणं, वाणिज्य घे आणि चष्म्याचं दुकान सांभाळ. रोज मला अक्षरांच्या पाटीसमोर बसवतो आणि विचारतो, "भविष्य स्पष्ट दिसतंय का? की भिंग बदलू?" विज्ञानाच्या बाई म्हणतात विज्ञानच घे. त्यांनी परस्पर शहरातल्या कॉलेजच्या हॉस्टेलची चौकशीसुद्धा करून ठेवलीय.

मी कला शाखा ठरवलीय. मला इतिहास फार आवडायला लागलाय. पायथ्याच्या गावातलं कॉलेज इतिहासासाठी चांगलं आहे असं ऐकते. तिथे कला सोडून दुसरी शाखाच नाही हे मला माहीत आहे, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तिथून संध्याकाळची बस आपल्या फाट्यापर्यंत येते, त्याचाही नाही.

फोन करू नका. मागच्या वेळी मला नुसता वारा ऐकू आला, आणि मामा मागे उभा राहून 'गिऱ्हाईक ताटकळलंय' म्हणत होता. पत्रच लिहा.

तुमची,
ढगी

*

केंद्र, १९ एप्रिल
आकाश: आठातले सहा. सकाळचं तापमान साडेअकरा. वारा नैर्ऋत्येचा, मध्यम.

चि. ढगीस आशीर्वाद, आणि मामीच्या मशीनला धक्का न लावल्याबद्दल शाबासकी.

पत्र सामानाच्या गाडीतून बटाट्यांबरोबर आलं. पिशवीच्या तळाशी होतं, त्यामुळे जरा मातकट वास लागला होता. ते सोड. तर तू इतिहास घेणार. आम्हाला आनंद आहे. मी आईला म्हटलं, घरात एक तरी माणूस असं हवं जे उद्याची काळजी न करता कालचं सांगेल. मी जन्मभर उद्याचं सांगितलं आणि निम्म्या वेळा तोंडघशी पडलो. तुझे राजे-महाराजे बिचारे मेलेले आहेत, ऐन वेळी दिशा बदलणार नाहीत.

तुझ्याशी बोलायला काही हवं म्हणून पायथ्याच्या शाळेतल्या मास्तरांकडून इतिहासाचं जाडजूड पुस्तक मागवलंय. मी तिसऱ्या राजापर्यंत पोचलो. पहिले दोन भावाभावांच्या भांडणात गेले. तिसराही जाईल असं दिसतंय. नावं मात्र काही केल्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी त्यांना थोरला, धाकटा आणि खोकणारा असं म्हणतो. चालेल ना?

इकडे विशेष काही नाही. मुख्य कचेरीतून दोन तरुण इंजिनिअर आले होते. कुंपणात एक लोखंडी खांब उभा केलाय, त्यावर काहीबाही डबे बसवलेत. किरकोळ दुरुस्ती म्हण. आईने त्यांना जेवू घातलं. त्यातला एक म्हणाला, इथे करमतं कसं तुम्हाला? आई म्हणाली, तुम्ही वाढलेलं संपवा आधी.

तुझ्या पलंगावर सध्या माझे जुने तक्ते ठेवलेत. काढू.

बाबा

ता. क. मी आई. तुझं पत्र वाचून बाबा कुंपणात जाऊन उभे राहिले होते. बराच वेळ. मी विचारलं तर म्हणाले, वारा बघतोय. बाण असताना वारा अंगाने कशाला बघायचा? तू घरी येणार म्हणून मला इतकं बरं वाटलं की भाजीत दोनदा मीठ पडलं. बाबांनी निमूटपणे खाल्ली.

*

मामाचं घर, ११ मे
आकाश: आठातला एक, तोही मामाच्या टकलाएवढा.

बाबा, आई,

अर्जावर 'कला' लिहून देऊन टाकलं. विज्ञानाच्या बाई रागावल्या. रागावल्या म्हणजे नुसता खडू खाली ठेवला. मला वाईट वाटलं, पण तेवढ्यापुरतं.

सुट्टीत इतिहासाचे सर वाचनालयात वर्ग घेतात, तिथे जाते. परवा त्यांनी नदीकाठची एक मोठी लढाई सांगितली. एक सैन्य सकाळभर धुक्यात चाचपडत राहिलं आणि दुसऱ्याने डाव साधला. मी विचारलं, "सर, धुकं किती वेळ होतं?" ते म्हणाले, असेल दुपारपर्यंत. मी म्हटलं, दुपारपर्यंत कसं राहील? आदल्या रात्री ढग होते का? वारा कुठून होता? ज्यांनी डाव साधला ते उंचावर होते का, म्हणजे त्यांच्या पायाखाली धुकं आणि डोक्यावर ऊन? सर म्हणाले, "तू सेनापतीचं नाव सांग आधी." ते मला आठवेना. पण वर्ग फार छान झाला. धुक्याचं मी अजून मनात घोळवतेय.

बाबा, खोकणाऱ्याचं काय झालं?

आता माझं ऐका. मी मामीच्या मशीनवर पडदे शिवलेत, माझ्या खिडकीचे. निळे, खाली बारीक पट्टी. माप आठवणीने घेतलं. स्टुलावर उभी राहिले की खिडकीची वरची कडा माझ्या कपाळाशी यायची. आता स्टूल लागणार नाही, पण खिडकी तेवढीच असेल ना? टेबल तिथेच लावायचं, म्हणजे पांढरी पेटी समोर दिसते. दुपारची नोंद मी घेत जाईन, तुम्ही जरा पडत जा. आईबरोबर दोरीवरचे कपडे काढायला धावेन. कुठल्याही कामात असली तरी आईला पावसाचा पहिला थेंब कसा कळतो, हे मला बघून ठेवायचंय.

इथे मला काही कमी नाही. मामी जीव लावते, मामा हसवतो. पण शाळेसाठी इथे आले तेव्हा मी एवढीशी होते, आणि तेव्हापासून रोज सकाळी जाग आली की आधी वाऱ्याचा आवाज शोधते. तो नसतो. मग आठवतं, आपण मामाकडे आहोत. अजूनही हे रोज होतं, इतकी वर्षं झाली तरी. मला घरी यायचंय. बस, एवढंच लिहायचं होतं, बाकीचं सगळं पाल्हाळ.

ढगी

*

केंद्र, २७ मे
हवा छान आहे.

चि. ढगी,

पत्र पोचलं. पडद्यांचं वाचून आई डोळे पुसत होती. म्हणाली, कांदा. चिरत भेंडी होती.

तुझ्या लढाईबद्दल. सरांचा काही दोष नाही, त्यांच्या पुस्तकात ते नसणार. रात्री आकाश उघडं, वारा पडलेला, खाली नदी, दोन्ही बाजूंना टेकड्या. मग धुकं न पडलं तर नवल. ऊन चढलं की ते खालून विरायला लागतं. पण वर ढगांचा थर आला असेल, तर दुपारपर्यंत टिकेलही. तेव्हा सरही बरोबर असू शकतात. तू कागदावर टेकड्या काढ आणि ऊन कुठून येतं ते मांड, म्हणजे कुणाला कधी दिसायला लागलं ते तुझं तुलाच काढता येईल. आणखी एक, टेकडीच्या सावलीतला भाग सगळ्यात शेवटी मोकळा होतो, ते विसरू नकोस.

बघ, मी लिहीतच सुटलो. खोकणारा गेला. पुढचा राजा आला आहे, पण आता माझंच मन लागत नाही. काल सकाळी उठलो तेव्हा उन्हं पार उशीपर्यंत आली होती. आयता चहा घेत अंथरुणातच दोन पानं वाचली आणि पुस्तक मिटलं.

एक विचारतो. तुला इतिहास खरंच आवडतो का? आवडत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण तुझ्या विज्ञानाच्या बाईंनी खडू का खाली ठेवला असेल, याचा विचार कर. अर्ज बदलता येतो म्हणे, निकालानंतर थोडे दिवस. घराचा विचार मध्ये आणू नकोस. घर काय, कुठे जातंय.

बाबा

ता. क. मी आई. पडदे छान झाले असणार, तुझा हात सुबक आहे. पण घडी घालूनच ठेव तूर्त. आणताना उगाच चुरगळतील.

*

मामाचं घर, ४ जून
आकाश: आठातले सात.

बाबा,

निकाल लागला. विज्ञानात वर्गात पहिली. इतिहासात काठावर. मामा म्हणाला, काठावरून पडली नाहीस हेच खूप.

आता तुम्ही सांगा. 'हवा छान आहे'? हे तुम्ही लिहिलंत? ज्या माणसाने मला या शब्दासाठी रडवलं, त्याने? मी पत्र तिथेच धरून बसले. पुढचं किती तरी वेळ वाचलंच नाही. आधी वाटलं तुम्ही आजारी आहात. मग उन्हं उशीपर्यंत आल्याचं वाचलं. तापाने फणफणलेले असतानासुद्धा तुम्ही कांबळं पांघरून अंधारात पेटीपर्यंत गेला आहात, आई मागून ओरडत असताना. त्या माणसाला सकाळच्या नोंदीच्या वेळी अंथरुणात चहा मिळतो, म्हणजे सकाळची नोंद आता कुणीतरी दुसरं घेतंय. तिथे दुसरं आहे कोण? तो खांब. आणि खांबाला राहायला घर लागत नाही.

आणि आई, तू कधी कुठल्या कपड्याची घडी घालून ठेवायला सांगितलीस? तू नवं कापड आल्या दिवशी वापरायला काढतेस.

घर कधी बंद होणार आहे, एवढंच कळवा. मला लहान समजू नका. मामाने विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं डोळ्यात काही गेलंय. त्याने खरंच बॅटरी आणून तपासलं. काही सापडलं नाही म्हणाला.

ढगी

*

केंद्र, १२ जून
आकाश: आठातले पाच. तापमान माहीत नाही, आता ते मला कुणी विचारत नाही. वारा पश्चिमेचा. हा मी अंगाने बघितला.

ढगे,

पकडलंस. मला वाटलं होतं मी बेमालूम लपवलंय. आई म्हणते, तुम्हाला लपवता आलं असतं तर लग्नाआधीच्या फोटोत तुम्ही इतके घाबरलेले दिसला नसता.

खांबाने काम घेतलं. तापमान, वारा, पाऊस, सगळं तो स्वतः मोजतो आणि स्वतःच शहरात पाठवतो. चांगलं मोजतो, उगाच नावं ठेवणार नाही. पहिल्या दिवशी मी सवयीने उठून पेटीपाशी गेलो. आदल्या दिवशीच थर्मामीटर काढून नेले होते, हे मला ठाऊक होतं, माझ्याच हाताने गुंडाळून दिले होते. तरी गेलो. पेटी उघडली आणि आत बघत उभा राहिलो. आईने हाक मारली तेव्हा भानावर आलो. दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम झोपून राहायला लागलो. जमतं हळूहळू.

माझी बदली बंदराच्या कचेरीत झाली आहे. कोळ्यांना वादळाची सूचना द्यायचं काम. दोन खोल्या मिळतील, समोर समुद्र. महिनाअखेर इथलं घर बंद करायचं. कुलूप लावून किल्ली मुख्य कचेरीत पाठवायची.

तुला सांगितलं नाही, कारण मला भीती वाटली. तू शाखा घरासाठी निवडते आहेस, हे तुझ्या धुक्यावरूनच मला कळलं. सेनापतीचं नाव विसरून वाऱ्याची दिशा विचारणारी मुलगी इतिहासाची नव्हे. पण घर नाही म्हटलं असतं, तर तू रागाच्या भरात काहीतरी लिहून मोकळी झाली असतीस, कदाचित मामाचं दुकानही धरलं असतंस. मला वाटलं, तू आपलं आपण ठरवावंस. आणि खरं सांगू? मला ते सांगवत नव्हतं. तू पडद्यांचं लिहिलंस, तेव्हा तर मुळीच नाही.

बाईंना भेट. अर्ज बदल. तुझ्या मनात खरंच असेल तरच, माझ्यासाठी नको.

बाबा

मी आई. हे ता. क. नाही, हे माझं पत्र आहे. कागद त्यांचा आहे एवढंच. मला तू हवी होतीस. मी यांना म्हटलं होतं, काही सांगू नका, येऊ दे तिला, शिकेल काहीही, पण माझ्याजवळ राहील. बंदरापाशीही एक कॉलेज असेलच की. तुला इथून पाठवलं तेव्हा तुझी वेणी मी घातली होती, आणि पुढच्या खेपेला आलीस तर स्वतःची स्वतः घालायला शिकलेली. मधलं सगळं माझं हुकलं. तेवढं भरून काढायचं होतं. पण तुझ्या पत्रातलं ते धुकं यांनी मला वाचून दाखवलं, आणि वाचताना यांचा चेहरा मी पाहिला. जा तू शहरात. फक्त घर बंद व्हायच्या आधी ये. पडदे घेऊन ये.

*

कॉलेजचं हॉस्टेल, २० ऑगस्ट
आकाश: आठातले चार. नीट दिसत नाही, समोरच्या इमारतीने तीन भाग खाल्लेत. तिच्या मागेही ढग असतील असं धरून चालले.

तीर्थरूप आई-बाबांना नमस्कार. इथे साष्टांग घालायला भरपूर जागा आहे, पण खोलीतली मुलगी घाबरेल.

तुमचं बंदराहून आलेलं पत्र मिळालं. कोळी तुम्हाला 'वादळकाका' म्हणतात हे वाचून मी खोलीतल्या मुलीलाही सांगितलं. आईला समुद्राच्या वाऱ्याने कपडे चिकट होतात याचा राग येतो, हेही सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या घरी सगळे हवेवरच बोलतात का? मी म्हटलं, दुसरं काही आम्हाला येत नाही.

विज्ञान जमतंय. विज्ञानाच्या बाईंचं कार्ड आलं, त्यावर फक्त 'आता खडू उचलला' एवढंच लिहिलंय. ते मी भिंतीला लावलंय.

रोज सकाळी जाग आली की अजून आधी वारा शोधते. पूर्वी वाटायचं, तो तिथे वाजतोय आणि आपण इथे आहोत. आता वाटतं, तो वाजतोय आणि ऐकायला कुणीच नाही. वाईट वाटतं, लपवत नाही. शेवटच्या दिवसाचं सारखं डोळ्यांपुढे येतं. आईने रिकाम्या खोलीचासुद्धा केर काढला. मी पडदे लावले आणि ते नेमके बसले, एक बोट इकडे-तिकडे नाही. मामा म्हणाला होता, बंद घराला कसले पडदे लावतेस? पण लावले. आणि बाबा, तुम्ही कुणी मागितला नसताना कोरा तक्ता काढलात, सगळे रकाने मोकळे ठेवलेत आणि आकाशाचा तेवढा माझ्यापुढे सरकवलात. मी वर बघितलं. तीन होते, सरळ सरळ तीन. मी 'छान' लिहिलं. तुम्ही वाचलंत, आणि खोडलं नाहीत. तेव्हा मला कळलं की खरंच संपलं.

आता एक गंमत सांगते. आमच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटरवर सगळ्या केंद्रांच्या ताज्या नोंदी बघता येतात. आपल्या केंद्राला आता नाव नाही, आकडा आहे. मी यादीत शोधून काढलं. दुपारच्या सुट्टीत जाऊन बसते. तापमान असतं, वारा असतो, पाऊस असतो. आकाशाच्या रकान्यात मात्र काही नाही. त्या खांबाला वर बघता येत नाही. प्रयोगशाळेतल्या सरांना विचारलं, हे मोकळं का? ते म्हणाले, त्याला माणूस लागायचा. तुम्हाला कळवावंसं वाटलं.

हे पत्र तिथेच बसून लिहितेय. मघाशी पावसाचा आकडा शून्य होता. आत्ता बदलला. आपल्याकडे पाऊस सुरू झालाय, बाबा. एवढं मात्र आईला वाचून दाखवू नका. ती उठेल दोरीवरचे कपडे काढायला.

तुमची,
ढगी